दोन सूत कमी

उल्हासनगर, कॅम्प ४
९ नोव्हेंबर २०२४

मैत्रेयी,

जय भीम. याच्यापुढे अनेक आशीर्वाद लिहायचे असतात, ते या खेपेला लिहिलेले नाहीत. हात पुढे सरकला नाही.

मी तुझे फोन उचलत नाही म्हणून तू पप्पांच्या फोनवर निरोप ठेवतेस आणि ते मला स्पीकरवर ऐकवतात. माझ्या भावाला, भीमरावाला वाटतं, पोरीचा आवाज ऐकला की बहीण विरघळेल. विरघळायला मी काय साखर आहे? जे सांगायचं ते लिहून सांगते. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही.

काल बनूबाई आली होती. बारा वर्षं माझ्या कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर लावणारी बनूबाई, विसरली नसशील. तिच्या सुनेच्या मोबाइलवर तुझं भाषण आलं होतं, बंगळूरच्या उद्योगवाल्यांच्या सभेतलं. तू काळा कोट घातला होतास. मागे पडद्यावर चढउताराच्या रेघा. तू म्हणालीस, आपल्या देशातला कामगार दिवसभर राबतो तरी तासाला माल कमी निघतो, आणि याचं कारण त्याचा आळस नाही. कारखानदार पैसा घालतात तो जागेत, शेडमध्ये, यंत्रात. जे डोळ्यांना दिसत नाही त्यात घालत नाहीत. कामाची पद्धत, नमुन्याची आखणी, माणसाला दिलेलं शिक्षण, बाजारातलं नाव. ज्यांनी त्यात पैसा घातला त्या देशांची उत्पादकता वाढली, असं तू म्हणालीस आणि टाळ्या पडल्या. मग म्हणालीस, "हे मी पुस्तकात नाही, उल्हासनगरच्या एका छोट्या जीन्सच्या कारखान्यात शिकले. तिथे एक मास्तर होत्या."

होत्या! आणि मी इथे कॅम्प चारमध्ये भाजी निवडत बसले होते.

बनूबाई म्हणाली, "मास्तरबाय, पोर तर आपलीच हाय. मंग नाव का नाय घेतला तुजा?" मी म्हटलं, नाव घेतलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की त्या बाई आता कुठे असतात.

तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. शब्द न् शब्द खरा होता, म्हणून तर जास्त झोंबला. देशाचं मला कळत नाही, आमच्या शेडचं कळतं. आमच्या मालकाकडे, गोपसेठकडे, साठ मशिनी होत्या. शेजारच्या शेडमध्येही साठ, त्याच बनावटीच्या. त्यांच्या दिवसाला सहाशे पँटी निघायच्या, आमच्या आठशे. कारण गोपसेठ माझं ऐकून दर शनिवारी दुपारी दोन तास काम बंद ठेवायचे आणि मला बायकांना शिकवू द्यायचे. कॅम्प तीनचे व्यापारी त्यांना खुळ्यात काढायचे. ते हसून म्हणायचे, "साईं, मशीन तो सबके पास है. मास्तर सिर्फ मेरे पास है." हे मी घरी येऊन तुला सांगायचे. तू तेव्हा कॉलेजात होतीस आणि ते वहीत उतरवून घ्यायचीस. मला वाटायचं, पोरीला आत्याचं कौतुक आहे.

मग सेठ वारले आणि त्यांचा मुलगा विनीत गादीवर बसला. त्याने तुला कामावर घेतलं आणि तू लॅपटॉप घेऊन आलीस. "आत्या, तुझ्या हातात जे आहे ते तुझ्याबरोबर जाईल, ते उतरवून ठेवू या." सहा महिने तू माझ्या हातांचे व्हिडिओ घेतलेस, माझा एकेक फर्मा, मापाने कापलेला पुठ्ठा, कॉम्प्युटरमध्ये चढवलास. ते झालं की सोनिवलीत दहा मशिनींचा शिकवणी वर्ग काढायचा, तिथे मी शिकवायचं, हे तुझंच बोलणं. आणि एक इंग्रजी कागद पुढे केलास. म्हणालीस, वर्गाला मंजुरी मिळायला लागतो, इथे सही कर. तू बोट ठेवलंस तिथे मी सही केली.

मे महिन्यात आम्हांला कळलं की विनीतने कारखान्याचं नाव, माझे फर्मे आणि तुझे व्हिडिओ बंगळूरच्या कंपनीला विकले. शेड कुणी घेतली नाही. उरलेली बावन्न माणसं कुणी घेतली नाहीत. फर्म्यांच्या बरोबर तू तेवढी गेलीस, मोठ्या हुद्द्यावर. त्या कागदावर काय होतं ते मी नंतर वकिलाकडून वाचून घेतलं. कारखान्यात मी जे शिकले, जे शोधलं, ते सगळं कारखान्याचं. माझा त्यावर हक्क नाही आणि ते मी बाहेर कुणाला शिकवायचंही नाही. हे तुला ठाऊक होतं का?

मैत्रेयी, तुला इंग्रजी वाचायला मी शिकवलं नाही, मला येतच नाही. पण शिकता यावं म्हणून तुझी फी मी भरली होती.

चांगुणा


उल्हासनगर, कॅम्प ४
२ डिसेंबर २०२४

मैत्रेयी,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलंस, चार पानं. बरं वाटलं, तेवढं कबूल करते.

तू म्हणतेस विक्रीचा निर्णय विनीतचा होता. असेल. नाही विकलं असतं तर वर्षभरात शेड तशीही बंद पडली असती, असंही म्हणतेस. तेही असेल. मी त्याबद्दल भांडतच नाही. कागदावर काय आहे हे तुला ठाऊक होतं का, एवढंच मी विचारलं होतं. त्याचं उत्तर चार पानांत कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

आणि वर्ग "विचाराधीन" आहे म्हणे. हा शब्द मी सरकारी पत्रांत पुष्कळ वाचलाय, तुझ्या अक्षरात वाचायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

वर्गाचं तुला नीट सांगते, म्हणजे तुझ्या कंपनीत विचार करणाऱ्यांना तू सांगू शकशील. बावन्नपैकी चौदा बायकांना मी शब्द दिलाय. तुझ्या शब्दावर माझा शब्द. कुणी दुसरीकडे जाऊ नका, सोनिवलीत वर्ग निघतोय, तिथे तुम्ही नव्या मुलींना शिकवाल, पगार मिळेल, असं मी त्यांना एकेकीच्या घरी जाऊन सांगितलं. ओव्हरलॉक मशिनीवरच्या जिज्ञासाला अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागत होतं. मी म्हटलं, थांब गं, तुझे हात पॅकिंगचे नाहीत. ती थांबली. आता मी भाजीला निघाले तरी मागच्या गल्लीने जाते. कुणी शिव्या देत नाही, हेच वाईट आहे. परवा बनूबाई एवढंच म्हणाली, "मास्तरबाय, आमचा काय चुकला ता तरी सांग."

मी काय सांगू? की माझ्या भाचीने मला फसवलं आणि मी तुम्हांला?

सोनिवलीच्या फ्लॅटमधून मी का निघाले हे पप्पांना अजून कळत नाही. "ताई, पोरीनं आपल्यासाठी घेतलाय, राहा ना सुखानं," म्हणतात. मला तिथे झोप येत नव्हती. ही कॅम्प चारची खोली लहान आहे, नळाला पाणी तासभर येतं, पण इथली भिंत न् भिंत माझ्या कमाईची आहे.

तुझ्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. दहा मशिनी आणि एक हॉल. माझ्यासाठी नाही, माझा शब्द राहण्यासाठी.

चांगुणा


उल्हासनगर, कॅम्प ४
२० जानेवारी २०२५

चि. मैत्रेयी,

तू रविवारी आलीस आणि गेलीस तेव्हापासून माझ्या तोंडाला चव नाही. म्हणून लिहायला बसले.

तुला दारात पाहिलं तेव्हा वाटलं, माफी मागायला आली. चहा टाकला. तू पिशवीतून तीन जीन्स काढून माझ्या पुढ्यात ठेवल्यास. दुकानांतून माल परत येतोय, बाई खाली बसली की मागून कंबर सरकते, मांड्यांच्या जोडात कापड रुततं. इंदूर, नागपूर, सुरत, सगळीकडून हीच तक्रार. तू रडलीस. "आत्या, सगळं तुझ्याच मापाने केलंय, कॉम्प्युटरमध्ये एक रेघ बदललेली नाही. काय चुकलं? माझी नोकरी जाईल गं." मी पँट हातात घेतली, उलटी केली, आणि म्हटलं, मला काही कळत नाही.

मला बघताक्षणी कळलं होतं.

ऐक. कॅम्प तीनच्या गल्ल्यांत फर्मे चोरीला जातात. आज तुझा नमुना बाजारात चालला की महिन्याभरात शेजारची शेड तोच काढते, कारण कुणीतरी फर्मा उचलून नेलेला असतो किंवा त्यावर कागद ठेवून गिरवलेला असतो. म्हणून इथला कुठलाही मास्तर फर्म्याचा पुठ्ठा पूर्ण मापाने कापत नाही. एका जागी दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी ठेवतो. कुठे, ते फक्त त्यालाच माहीत. कापडावर आखताना तेवढ्या जागी तो खडूची रेघ पुठ्ठ्याच्या बाहेरून घेतो. हात चालता चालता घेतो, बघणाऱ्याला कळतही नाही. मला हे श्यामकांत मास्तरांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. मी मागच्या आसनात दोन सूत कमी ठेवत आले, सत्तावीस वर्षं. कमरेपासून जोडापर्यंतचं तेच माप. बाई बसते उठते ती त्यावर. तू माझे पुठ्ठे कॉम्प्युटरवर चढवलेस ते काठाकाठाने. कंपनीला गेलेले पहिले नमुने मी माझ्या हाताने कापले होते, म्हणून ते छान बसले आणि कुणाला शंका आली नाही.

आणखी एक. मी प्रत्येक रोलचा टिचभर तुकडा काढून धुवायची, वाळवायची, किती आक्रसतो ते बघून मग वाढ ठरवायची. व्हिडिओत ते आहे. पण तुमच्याकडे माल ज्या ज्या शेडमध्ये शिवायला जातो तिथे ते करायला कुणाला शिकवलंय का? नसेल शिकवलं. ज्ञान विकत घेतलंत आणि कुलपात ठेवलंत. मग त्या शेडमध्ये जेवढा माल आधी निघत होता तेवढाच आताही निघणार, त्यातला अर्धा परत येणार.

फर्मे चढवतानाच का नाही सांगितलं, असं तू विचारशील. मनाला मी असं सांगत होते की वर्गाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं. खरं ते नाही. खरं हे, की मला भीती वाटत होती. सगळं दिलं की मग मला कोण विचारणार? तुझ्यावर विश्वास होता, पोटच्या पोरीवर असतो तेवढा होता, तरी दोन सूत हातात ठेवले. याची मला लाज वाटते आणि तू वागलीस ते पाहिल्यावर लाज वाटायचं थांबतं. असं दोन्ही चालू आहे.

मागच्या आसनात दोन सूत वाढव. कमरपट्टीला हात लावू नको. तुझा माल बसेल आणि नोकरीही राहील.

याच्या बदल्यात दहा मशिनींचं बघ. याला अट म्हणू नको, मागणं म्हण. हे पत्र मी कंपनीला लिहिलेलं नाही, तुला लिहिलंय. वाचून झालं की फाडून टाक.

अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या


उल्हासनगर, कॅम्प ४
६ मार्च २०२५

मैत्रेयी,

तुझं उत्तर आलं. तुझ्या अक्षरात नाही, वकिलाच्या कागदावर.

कंपनीची नोटीस आहे. मी जाणूनबुजून सदोष नमुने दिले, त्यामुळे कंपनीचं नुकसान झालं, ते माझ्याकडून का वसूल करू नये. पुरावा म्हणून सोबत एक झेरॉक्स जोडलीय. पहिल्यांदा मला माझंच अक्षर ओळखू आलं नाही. मग वाचलं, "मला बघताक्षणी कळलं होतं."

ते पत्र फाडायला सांगितलं होतं. तू त्यावर पिवळी रेघ ओढलीस. झेरॉक्समध्ये ती करडी दिसते. भीती वाटत होती, त्याखालीसुद्धा रेघ आहे. वर्गाच्या मागण्याखाली रेघ नाही. समासात तुझ्या अक्षरात टीप आहे: "ही माहिती मला यापूर्वी कधीही देण्यात आलेली नव्हती."

कागदाच्या सहीबद्दल मी तुला एकदा माफ केलंही असतं. तू तरुण होतीस, पुढे जायचं होतं, विनीत म्हणेल ते केलंस. पण हे पत्र मी तुला वाचवायला लिहिलं होतं गं. बुडणाऱ्याला हात दिला आणि तू हातातली बांगडी काढून घेतलीस.

आणि ती टीप खोटी आहे. तू नऊ वर्षांची होतीस. वहिनी, तुझी आई, जाऊन चार महिने झाले होते, तुला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून शाळा सुटली की तू माझ्या टेबलाशी येऊन बसायचीस. एक दिवस म्हणालीस, "आत्या, इथे तुझी रेघ पुठ्ठ्याच्या बाहेर का जाते?" वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांना जे दिसलं नव्हतं ते तुला दिसलं. मला इतका अभिमान वाटला की मी तुला सांगून टाकलं. कानात सांगितलं. कुणाला सांगू नको म्हटलं आणि तू शपथ घेतलीस. तू विसरली असशील असं धरून मी जानेवारीत सगळं पहिल्यापासून लिहिलं होतं.

ते तू विसरलीस, की लक्षात ठेवून फर्मे तसेच विकलेस? लक्षात असेल तर का? उद्या माल बिघडला की मास्तरला बोलवावंच लागेल, तेवढीच आत्याची सोय, असा काही विचार होता? की कधी गरज पडली तर दोष द्यायला कुणीतरी हवं होतं? गेले आठ दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. पहिलं खरं असावं असं वाटतं आणि मग ती टीप पुन्हा वाचते.

काल भीमराव आला होता. पायरीवरच बसला, आत येईना. म्हणाला, "ताई, कंपनीवाले आता तिच्यावरबी संशय घेतायत. आत्या-भाची मिळून केलं म्हणतात. पोरगी जेवत नाही, फोनवर नुसती रडते. तू काहीतरी कर ना." मी म्हटलं, माझ्यावर नोटीस तिने काढवली आणि करायचं मी? तो म्हणाला, "दुसरं कोण हाय तिला?" मी त्याला जेवायला वाढलं.

तुला इथलं सांगते. वर्ग सुरू झालाय. सोनिवलीत नाही, दहा मशिनींचा नाही. आमच्या विहाराच्या हॉलमध्ये, दोन मशिनींवर, एक बनूबाईच्या जावेची आणि एक भाड्याची. चौदापैकी अकरा आल्या. जिज्ञासा आली नाही, तिला आता पॅकिंगचंही काम मिळालेलं नाही आणि ती माझ्याशी बोलत नाही. पहिल्या दिवशी मी पुठ्ठा घेतला, पूर्ण मापाने कापला आणि सगळ्यांना दाखवलं की आजवर मी इथे काय करत होते. बनूबाई बघतच राहिली. "बारा वर्सा मी तुज्या बाजूला उबी, आन मना नाय सांगितलास?" मी म्हटलं, नाही सांगितलं. ती दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी आली.

आता कुणीही मागितला तर पूर्ण फर्मा देते. गल्लीतले मास्तर आधी हसले, मग चिडले, आणि मग तिघे गुपचूप माणूस पाठवून घेऊन गेले. त्या तीन शेडमध्ये आता रोल धुऊन बघतात आणि परत येणारा माल कमी झालाय. सत्तावीस वर्षं मी हे मुठीत धरून बसले होते आणि सगळी गल्ली वाईट पँटी शिवत होती. गोपसेठने मुठीत धरलं, मी धरलं, आता तुझी कंपनी धरतेय. तुझ्या भाषणात हे नव्हतं. पुढच्या वेळी घाल, पण मास्तरचं नाव घेऊ नको.

ज्या कागदावर तू बोट ठेवलं होतंस त्यात बाहेर शिकवायचं नाही असं आहे. म्हणजे हा दुसरा गुन्हा. हेही वकिलाला दे.

चांगुणा


उल्हासनगर, कॅम्प ४
२४ एप्रिल २०२५

मैत्रेयी,

सोबतचा कागद वेगळा लिहिलाय. तो कंपनीला दाखव. माझ्या वकिलाने नको म्हटलं होतं, त्यांचं मी ऐकलं नाही. तो मिळाल्यावर फोन करू नको, पप्पांमार्फत निरोपही नको. मार्चचं पत्र जाळ, त्याची झेरॉक्स काढली असशील तर तीही, या कागदाशी ते पत्र जुळत नाही.

चांगुणा


ज्याच्याशी संबंध असेल त्याला

मी चांगुणा रोकडे, वय छप्पन्न, धंदा जीन्सची कटिंग मास्तर, राहणार उल्हासनगर कॅम्प ४, कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून देते.

कंपनीला दिलेले फर्मे मागच्या आसनात दोन सूत कमी होते. मला ते माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. यात दुसऱ्या कुणाचा हात नाही.

ते काम मी आता विहारात शिकवते आणि यापुढेही शिकवीन. ज्या शिकतात त्यांची नावं मी देणार नाही. काय करायचं ते माझ्यावर करावं.

मैत्रेयी भीमराव रोकडे ही माझी भाची आहे, पण तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. लहानपणी ती माझ्या कामाच्या जागी कधी आलेली नाही. मी तिला काही शिकवलेलं नाही.

सही
चांगुणा रोकडे